द्वारकाबाईची गवळण

...आता ह्यो रेडिओ काय माझ्या घरचा गडी हाय व्हय, मी सांगंल ते गायाला? पर बायकोला कोन समजवनार!

तुमाला सांगतो, कळंबात ब्याटरीचा रेडिओ पयला आनला आमी! चावीचा फोनो तबकड्यांसकट दिला पळसदेवच्या सर्जेरावाला इकून, अन् बैलगाडीत ह्यो रेडिओ मांडीवर घिऊन आलो, धाकलं लेकरू आनावं तसा! आमची द्वारका खूश. समोर बसली अन् म्हनली, "आता माझी गवळण लावा."

"अगं, ह्यात आपुन लावायचं नसतं, त्ये लावत्यात."

"त्ये कोन?"

"मुंबईचं लोक."

"मंग त्यास्नी सांगा की, द्वारकाबाई बसलीया म्हनून!"

अन् नेमकं तवाच त्यो आतला बाबा, नाकातनं... "आता ऐका, गुळाचे बाजारभाव!"

बाई रडायलाच लागली वो! म्हनली, "त्या तबकडीतल्या बाईचा आवाज माझ्या आईवानी व्हता. आई तर गेली, आता आवाज बी इकलासा!" झालं... बोलनं बंद! भाकर एका अंगानं कच्ची, दुसऱ्या अंगानं कोळसा! सांगा, मानसानं करायचं काय?

गेलो पळसदेवला. सर्जेराव म्हनला, "पाव्हनं, आमची म्हातारी फोनो सोडंना, पुढल्या बाजारी या." पुढल्या बाजारी गेलो, तर "चावी हरावली!" हेलपाटं घालून घालून वहाना झिजल्या! शेवटाला दुभती शेळी दिली, तवा फोनो सुटला. सांगा, करायचं काय?

पर मी हिकडं हेलपाटं घालतोय, तवर ही रोज त्या रेडिओपाशी! घरात पाऊल टाकलं, तर रेडिओला कान लावून डोळं मिटून बसलेली. आत कुनीतरी गडी नुसता आऽऽ... आऽऽ... मी म्हनलं, "अगं, फोनो..."

"श्श्श! तान चाललीया!"

तान! आमच्या घरात!

त्यो आऽऽ सरल्यावर मी तबकडी लावली. गवळण सुरू झाली. द्वारकानं डोळ्याला पदर लावला. मला वाटलं, जितलं! सगळी गवळण ऐकली तिनं, नाक पुसलं, अन् हळूच म्हनली, "आवाज आईचाच हाय वो... पर बाई सुराला जरा कच्ची हाय!"

घ्या! सांगा, आता मानसानं करायचं तरी काय?

आता गवळण मीच ऐकतो, वसरीला एकटा बसून. चटक लागली मला! तर आतनं ही वराडती, "आवाज बारीक करा, माझं गानं चाललंय!" आता फोनोला बारीक करायचं बटन कुठाय वो? ...मुंडासं कोंबलंय कर्न्यात!