वाडीचा कॉलम

आमच्या गावच्या मंडळाची वेबसाइट मीच बनवलीय ना, तिची गंमत ऐक. गावचे पाच संतोष, त्यातला एक मुंबईत. गेल्या पावसात दरडीची भीती होती, तेव्हा वेबसाइटवरून घर सोडायचा निरोप वरच्या वाडीतल्या संतोषऐवजी मुंबईतल्या संतोषला गेला. नशिबाने काही झालं नाही. पण मंडळाचे अध्यक्ष दत्तूकाका म्हणाले, "यादीत प्रत्येकाच्या नावापुढे वाडी टाक रे."

पोलादपूरला मंडळाच्या जुन्या कॉम्प्युटरवरच ती वेबसाइट चालते. मी डेटाबेसमध्ये 'वाडी' नावाचा कॉलम टाकला. तिथे तो दिसत होता, पण वेबसाइट म्हणे, असा कॉलमच नाही! दोन तास कोड चाळला, चूक सापडेना. काका शेजारी बसून सारखे विचारत होते, "झालं काय?"

तेवढ्यात लाईट गेली. आल्यावर सगळं पुन्हा चालू केलं, तर वाडी हजर! मी कपाळावर हात मारला. चालू प्रोग्रामने कॉलमची जुनीच यादी धरून ठेवली होती. तो एकदा बंद करून सुरू करायचा, एवढंच मी विसरलो होतो.

काकांना खरं ते सांगितलं. ते म्हणाले, "मग पुढच्या टायमाला तुला नाय बोलवत. मेन स्विच मीच पाडतो."