आधी समोरच्याचं

नमस्कार. दहिसर-मुलुंडहून, हातातली कामं टाकून तुम्ही सगळे आलात. परबकाकांच्या फोटोसमोर उभं राहून बोलणं माझ्याच्याने होत नाहीये. पण गप्प बसले तर काकाच रागावतील, म्हणून बोलते.

मी सुजाता सावंत. घाटकोपरला मसाले करते, वेबसाइटवर विकते. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. इंटरनेटवरचं कोणतं नाव कुणाचं, यावरून भांडणं होतात. ती सोडवायला आपली समिती. तिच्यात कंपन्यांची माणसं आहेत, नावं विकणारे आहेत, आणि तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी एकच खुर्ची. त्या खुर्चीवर काका बसायचे.

माझी साइट सासूबाईंच्या नावाची. त्याच नावाच्या एका मोठ्या कंपनीने ती मागितली. मी तावातावाने समितीपुढे गेले. काका म्हणाले, "पयला तेंचा म्हणणा सांग, मगे तुझा." मी म्हटलं, अहो काका, तुम्ही आमचे ना? मग त्यांचं मी कशाला सांगू? काका ढिम्म. समोरचा "हो, हेच माझं म्हणणं" असं म्हणेपर्यंत मला माझं बोलूच देईनात. इतका राग आला होता मला त्यांचा. शेवटी सांगितलं, की गिऱ्हाईक कंपनीचा माल समजून माझा घेईल, ही त्यांची भीती आहे. वकील म्हणाले, हो, हेच. मग काकांनी त्या वकिलांना माझी बाजू मांडायला लावली. ते अडखळले. पण "यांनी नाव चोरलेलं नाही, घरातलंच आहे," हे त्यांच्याच तोंडून आलं. नाव माझ्याकडे राहिलं. साइटवर एक ओळ टाकली, आमचा त्या कंपनीशी संबंध नाही. मिटलं भांडण.

ते वकील म्हणजे कोठारीसाहेब, आता समितीत कंपन्यांच्या बाजूने बसतात. इथेच बसलेत, दुसऱ्या रांगेत. मघाशी बाहेर चहा घेताना म्हणाले, परबांची जागा आता भरायला नको, तुमच्यासारख्यांचं म्हणणं आम्हीच मांडू. बुधवारच्या बैठकीत तसा ठराव येतोय. कालच तेरावं झालं हो काकांचं. माझं डोकंच फिरलं.

साहेब, उठून जाऊ नका. मी भांडणार नाही. काकांचा नियम पाळते, आधी तुमचं सांगते. खुर्ची रिकामी राहिली की भांडणांची सुनावणी होत नाही. निकाल अडतात, आणि त्यात आमच्यासारख्यांचेच हाल होतात. काकांसारखं फुकट राबणारं माणूस आता मिळत नाही. तुम्ही वाईट हेतूने बोलत नाही. हेच ना तुमचं म्हणणं?

मान हलवलीत. सगळ्यांनी पाहिलं.

आता नियमाने तुमची पाळी. ती खुर्ची आम्हाला का हवी, ते तुम्ही सांगायचं. मी "हो, हेच" म्हणेपर्यंत सांगायचं. काकांनी मला सोडलं नव्हतं, मीही तुम्हाला सोडणार नाही.

पण त्याआधी काकांसाठी सगळे उभे राहू या. दोन मिनिटं कुणी काही बोलायचं नाही. मग आपण सगळे बसू.

कोठारीसाहेब, तुम्ही मात्र उभेच राहा.