आठवड्याचं भांडण

बारकी : आता या खोलीत येत जाऊ नकोस, ताई. हात जोडते.

ताई : आधी टेकू दे. गुडघे बोलायला लागलेत.

बारकी : बाकीच्या दारांत संस्थेची कंडोमची पाकिटं देतेस आणि पुढे जातेस. माझ्याकडे मात्र बसतेस. बायका आंधळ्या नाहीत. काल एकीने माझा पेला वेगळा ठेवला.

ताई : तुझं नाव मी कुणाला सांगितलेलं नाही.

बारकी : सांगायला कशाला हवं? दाराबाहेर तुझ्या चपला असतात ना!

ताई : खरंय. मीही याच गल्लीत धंदा करते, आणि एवढं साधं मला सुचू नये? गोळ्या घेतेस ना?

बारकी : परवापासून बंद.

ताई : बारके! एचआयव्हीला सुट्टी नसते गं.

बारकी : डबी खुळखुळते. मालकिणीला कळलं तर सामान रस्त्यावर. मग काय, फुटपाथवर बसून गिळू?

ताई : दवाखान्यातून स्वतः आणशील?

बारकी : तिथला वॉचमन माझं गिऱ्हाईक आहे.

ताई : झालं. म्हणजे मीच येणार. आता काय, प्रत्येक दारात तासभर बसू?

बारकी : मरशील.

ताई : हं... मग भांडू या.

बारकी : काय?

ताई : समज, तू माझं गिऱ्हाईक फोडलंस. दर आठवड्याला मी शिव्या द्यायला येणार. गोळ्या कागदात बांधून आणेन, डबी नको. भांडायला आलेल्या बाईला कुणी कारण विचारत नाही.

बारकी : कुठलं गिऱ्हाईक? तो टकल्या? माझी काही इज्जत ठेव!

ताई : टकल्या असला तरी वेळेवर येतो. दार उघड. हं, मोठ्याने.

बारकी : आली परत! दुसरा उद्योग नाही का तुला?

ताई : होता! तो तूच पळवलास, भवाने!

मालकीण (जिन्यातून) : काय गं, काय लावलंय?

ताई : हिलाच विचारा, मालकीणबाई! माझा कायमचा माणूस फोडला हिने!

मालकीण : एवढंच ना? मला वाटलं, हिला काही लागण झालीय म्हणून तू चकरा मारतेस. खोली रिकामी करायला सांगणार होते.

ताई : हिला काय धाड भरलीय? हिच्यामुळे मी उपाशी!

मालकीण : भांडा, पण हळू. धंद्याची वेळ झाली. जाते मी खाली.

बारकी : माझं वाटोळं तूच केलंस, ताई. काही माहीत नव्हतं तोवर सुखात होते. तू हात धरून तपासणीला नेलंस. तेव्हापासून झोप नाही मला.

ताई : हे नको गं. गिऱ्हाइकाचंच बोल. आणि जरा मोठ्याने, खाली ऐकू जायला हवं.

बारकी : हे खालच्यांसाठी नव्हतं.

ताई (दार लोटत) : मग कुणासाठी?

बारकी : तुझ्याशिवाय कुणाला बोलू?

ताई : बोल. आधी गोळी घे, मग राहिलेलं बोल.