बिनतोंडाचा बडग्या

आमच्या इतवारी मोहल्ल्यातल्या बडग्याची गंमत तुम्हाले ठाऊकच नाही वाटते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जी पीडा गावाबाहेर नेऊन जाळायची, तिचा पुतळा म्हणजे बडग्या. औंदा धड तयार होतं, पण तोंड कोणाचं लावायचं यावरून आमच्या मंडळातले बबनराव अन् सुधाकर भिडले.

"ज्या परदेशी पुढाऱ्यानं त्याच्या शेजारच्या देशात फौज घुसवली, त्याचंच लाव! आपलं काही तत्त्व आहे का नाही गा?" बबनराव गरजले.

"तो आपल्याले स्वस्तात तेल देऊन राहिला, अन् त्याले काहून जाळतं? आपल्या लोकायची चूल पेटली पाहिजे, हेच तत्त्व!" सुधाकर म्हणे.

गावची रोगराई संगं घेऊन जाते त्या मारबतीच्या, म्हणजे बाईच्या पुतळ्याची मिरवणूक नाक्यावर आली, तरी आमचा बडग्या हलेना. मग मीच एका पुठ्ठ्यावर 'तत्त्व' लिहिलं, बिनतोंडाच्या पुतळ्याच्या गळ्यात अडकवलं अन् गाडा रस्त्यावर ढकलला.

लोकांनी पाटी वाचून एकच आरोळी ठोकली, "रोगराई, खोकला, तत्त्व, घेऊन जाय गे मारबत!"

सगळ्यात मोठ्यानं बबनराव अन् सुधाकरच ओरडून राहिले होते. दोघायलेही वाटे, जळाले चाललं ते दुसऱ्याचं तत्त्व!