पुदिन्यावर कावळा शिवला

न्हाई, तुमीच सांगा, डबाभर पुदिन्यासाठी सख्ख्या पुतन्याचं लगीन कुनी बुडवतं का? बुडवतं! मी बुडवलं! परवा तिकडं बोरीत हळद लागली, काल अक्षता पडल्या, सारं गाव जेवून उठलं, आन नवरदेवाचा सख्खा चुलता इथं पूर्णेत, हातात लोटा घेऊन खिडकीतल्या डब्याला पानी घालायलाय! हसा, हसा. गाडी लेट हाय, हसायला वेळ हाय तुमाला. मगाशी त्या कडंच्या रेल्वेच्या खोलीपशी, खिडकीच्या भाईर उभा राहून बोलताना बघितलं न्हाई का मला? तुमच्या मंडळीनं तुमाला कोपरानं ढोसलं, "अवं बघा, येडं हाय वाटतं." बघितलं मी. पन मी येडा न्हाई, सांधेवाला हाय. व्यंकटी माझं नाव. गाडी या रुळावरून त्या रुळावर घालायचं काम. निजामाची रेल्वे होती तवा लागलो, मग निजाम गेला, टोपीवरची अक्षरं बदलली, मी तोच. अकरा वर्सं झाली, एक गाडी चुकीच्या रुळावर गेली न्हाई. माझी सोताची तेवढी गेली.

आता मनाल, पुदिना मंजी काय सोनं हाय का? सोनं असतं तर इकून मोकळा झालो असतो! पुदिना माझ्या बायकोचा. मनकर्णा तिचं नाव. बोरीची शेतकऱ्याघरची लेक, आन मी तिला आनून टाकली या खोलीत. दारापुढं रूळ, मागं कोळशाचा ढीग, मधी आमी. आंगन मनाल तर पायरीएवढं, त्यात एक पाय ठिवला की दुसरा लायनीवर. पयल्या दिवशी ती दारात उभी राहून मनली, "आवं, हितं माती कुठं हाय?" मी मनलो, "माती कशाला पायजे? सरकारी नौकरी हाय!" केवढा हुशार मी!

तर काय केलं तिनं, राकेलचा डबा कापला, बोरीहून वट्यात बांधून माती आनली, आन खिडकीच्या कट्ट्यावर, गजांच्या आत, पुदिना लावला. मग फुटक्या मडक्यात कोथमीर. मग ओव्याचं पान. भाईर ठिवलं की शेरडं खानार, म्हनून आत. इंजनाच्या धुराचा काळा थर पडायचा, तर रोज एकेक पान फडक्यानं पुसायची, लेकराचं नाक पुसावं तसं. तांदळाचं धुवन घालायची. आन मी? मी ताटावर बसलो की नावं ठिवायचो. "काय रोज हिरवं हिरवं! मी काय शेरडू हाय का?"  ती माझ्याकडं पाठ करून खिडकीत बसायची, पुदिन्याशेजारी, भाईर बघत.

चार वर्सामागं तीन दिवसाचा ताप आला, आन गेली. दवाखान्यात न्यायला गाडी जुपली होती बगा... गाडी दारात उभी, आन ती गेली.

दहाव्याला नदीवर सारी भावकी आली. पिंड ठिवला. समोर बाभळीवर कावळा बसला, एकच, पन काय त्याची ऐट! बसला तो बसला. भटजी मनले, "काहीतरी इच्छा राहिलीय. बोला, शब्द द्या." माझा धाकटा भाऊ लिंबाजी पुढं झाला, "वैनी, दादाला आमी कधी उपाशी ठिवनार न्हाई!" कावळा हलला न्हाई. त्याची बायको गोजरबाई पदर डोळ्याला लावून, "बाई, तुझं हिरवं लुगडं मी नेसनार न्हाई, तुझ्या भैनीला देईन वं!" कावळ्यानं मान वाकडी केली, गोजरबाईकडं बघितलं, आन तोंड फिरवलं. तेलाबी ठावं होतं, ती देनार न्हाई! ऊन चढलं. पिंडाचा भात सुकायला लागला. भटजी मनले, "मग दर्भाचा कावळा करू का?" आन सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मंजी भावकीनं बघितलं, भटजीनं बघितलं, आन कावळ्यानंबी!  तोंडातून निघालं, "मनकर्णे, तुझ्या खिडकीतल्या पुदिन्याला मी पानी घालीन. वाळू देनार न्हाई."

आन कावळा शिवला! माझा शब्द जमिनीवर पडायच्या आत शिवला! बाया रडायला लागल्या, लिंबाजी मनला, "दादा, तुमी कसं बरुबर वळखलं!" आन तवापसून मी बांधलेला. शेरडाला दावं असतंय, मला पुदिना हाय.

तुमाला वाटतंय पुदिना सोपा. लावा एकदा! उन्हाळ्यात दोन टाइम पानी. जास्त झालं की मुळं कुजतेत. कमी झालं की मान टाकतंय. आन कोथमिरीची तर न्यारीच तऱ्हा. मी मूठभर धने टाकले, रोज बघतो, एक न्हाई, दोन न्हाई, तीन आठवडे मातीच बघायलो. शेजारची पारूबाई, गँगमनची बायको, दारातून मनली, "भावजी, धने अख्खे टाकले व्हय? ते वहानेखाली रगडून दोन फाका करायच्या असतेत!" मी मनलो, "खायची चीज, आन वहानेखाली?" ती मनली, "मग बसा बघत." घरात आलो. माझे सरकारी बूट, तेला खिळे. त्यानं रगडलं तर भुकटी व्हायची. आन दाराच्या मागं, जशीच्या तशी, मनकर्णेची वहान. सेलूच्या बाजारातून मीच आनली होती. झिजंल मनून ती घालायचीच न्हाई, नवी कोरी. चार वर्सं... न्हाई, तवा दोनच वर्सं झाली होती, तिला हात लावला नव्हता. लावला. धने खाली घेतले, वर वहान फिरवली, हलक्या हातानं. आठव्या दिवशी सगळी कोथमीर वर! सगळी! मी तिथंच खाली बसलो. मनलं, ही अजून चालायलीय घरात.

तुमी मनाल धने रगडले मनून उगवले. माझंबी तेच मननं हाय. पन मग हे सांगा: ड्युटी करून येतो, दाराला कुलूप, आत कोन न्हाई, आन कुलूप काढलं की पुदिन्याचा भपकारा! आताच कुनी पानं खुडल्यासारखा! आता मालगाडी गेली की खिडकी हादरते, पानं एकमेकांला घासतेत, वास सुटतो, एवढं मलाबी कळतंय. अकरा वर्सं रेल्वेत हाय मी. पन गेल्या पंधरवड्यात एक दिवस लायन बंद होती, पुलाचं काम होतं, दिवसभर एक डबा हलला न्हाई... आन दार उघडलं तर तोच वास. मी काय केलं? काय करनार? मनलो, "आलो गं." आन हात-पाय धुतले.

एक डाव मात्र चुकी केली. कोर्टाच्या कागदावर अंगठा लावायला एक दिवस बोरीला गेलो. पारूबाईला दहा डाव सांगितलं, पानी घाल. ती मनली, "भावजी, तुमी फिकीरच करू नका." मी फिकीर केली न्हाई, आन तिनंबी केली न्हाई! दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर सारा पुदिना डब्याच्या काठावरून खाली लोंबायलेला. तुमाला सांगतो, तिसऱ्या दिवसाच्या तापात मनकर्णेची मान उशीवरून अशीच लोंबली होती. लोटा वतला, अर्धं पानी डब्यात, अर्धं माझ्या धोतरावर. "उठ गं, उठ, चुकलो, उठ." आन तासाभरात उठला की हो! एकेक काडी ताठ! पुदिना उठतो. मानूस उठत न्हाई. तवापसून रजा बंद. पंढरीची न्हाई, लग्नाची न्हाई, मयताची न्हाई. कावळा शिवलाय ना!

मधी एक नवे साब आले तपासनीला, हैदराबादकडचे, खोल्यांना चुना लावायचा होता. खिडकीपाशी उभे राहिले, "क्या मियाँ, ये खिड़की है के बागीचा? हटाव सब!" मी हात जोडले. आता साबाला कावळा शिवला हे कसं सांगायचं? मनलो, "साब, बीवी मर गयी. पिंड रखा. कौवा नै आया. मैं बोला पुदिने को पानी डालूंगा. कौवा आ गया. अब मैं क्या करूं?"   साबानं टोपी काढली, मनले, "रहने दो." दोन पावलं गेले, वळले, "दो डाली देना, बेगम के वास्ते." दिल्या. चुना सगळ्या भिंतींला लागला, खिडकी तेवढी तशीच राहिली.

तर आठ दिवसांमागं लिंबाजी आला अक्षता घेऊन. "दादा, पोराच्या लग्नाला न्हाई आलात तर लोक माझ्या तोंडात शेन घालतील." मी मनलो, पुदिना. तो मनला, "मग डबा संगं घ्या ना! परभनीपर्यंत रेल्वे, तिथून मोटार, मांडीवर घेऊन बसा. हवं तर परसातच लावून टाका मोरीच्या पान्यावर. मातीत लागंल, तुमीबी सुटताल."

आन तुमाला सांगतो, तो 'परस' शब्द मला बरुबर लागला. कारन एक गोष्ट मी कुनाला सांगितली न्हाई. लिंबाजीला न्हाई, भटजीला न्हाई. तुमी दोन घडीचे लोक, गाडीत बसून जानार, म्हनून सांगतो.

मला ठावं होतं तिची इच्छा काय होती. दहाव्याच्या दिवशी, नदीवर, मला ठावं होतं. सात वर्सं ती एकच मागत होती. "आवं, सोडा ही नौकरी. बोरीला जाऊ. आपल्या वाट्याचं परस हाय, हातभर माती हाय, मी भाजी लावीन, तुमी शेत बघा." आन मी मनायचो, "पुढल्या साली." दिवाळीला, पुढल्या साली. पाडव्याला, पुढल्या साली. तापात तिसऱ्या दिवशी तिनं इचारलं, "बोरीला कवा?" मी मनलो, "बरी हो, पुढल्या साली नेतो." ती हसली बगा. तेवढंच.

नदीवर ते सगळं जिभेवर आलं होतं. "मनकर्णे, नौकरी सोडतो, बोरीला नेतो." पन भावकी समोर. शब्द दिला की पाळावा लागनार. पगार जानार, टोपी जानार, हिरवी-लाल निशानी जानार. लिंबाजीनं परसात बैलाचा गोठा घातलेला, तो काढा मनावं लागनार. म्हनून गिळलं, आन स्वस्तातलं बोललो. पुदिना!

आन कावळा शिवला. एवढ्यावर शिवला! जितेपनी जे दिलं त्यात भागवलं, मेल्यावरबी भागवून घेतलं तिनं. घासाघीस न्हाई केली. अडून बसली असती तर मी दिलं असतं हो! अजून अर्धा घंटा अडून बसायचं ना! मला त्याचाच राग येतो. आन कावळ्याची भीती न्हाई वाटत, तिच्या त्या भागवून घ्यायची वाटते.

आता लिंबाजीला काय सांगू? डबा उचलायला गेलो, आन हात थांबला. मातीत लावला आन तिथं जळाला तर? इथला आन तिथला, दोन्हीकडचा शब्द गेला. मनलो, "लिंबाजी, तू हो पुढं. बघू पुढल्या साली." आन मनलो ते मनलो, ते माझ्याच कानानं ऐकलं!

वळून बघितलं तर सारा पुदिना भाईरच्या बाजूला वाकलेला. माझ्याकडं पाठ. जशी ती बसायची. डबा फिरवला, तोंड माझ्याकडं केलं. दोन दिवसांत पुन्हा पाठ! पारूबाई मनती, "झाड उजेडाकडं वाकतंय भावजी." वाकू द्या. मी चार वर्सं डबा फिरवायलोय, ती चार वर्सं पाठ फिरवायलीय. शेवटी नाद सोडला. आता मीच भाईर जातो, खिडकीच्या त्या अंगाला उन्हात उभा राहतो. घर माझं, खिडकी माझी, बायको माझी, आन मी भाईर! निदान तोंड तर दिसतंय. तेच तुमच्या मंडळीनं बघितलं.

आन काल काय झालं सांगू? तिथं उभा होतो, सहज मागं वळलो, ही काय बघते मनून. तर समोर, अगदी नाकासमोर, माझा सांधा! मी जिथं दांडा धरून रोज उभा राहतो तो. सात वर्सं मला वाटलं, ही रुसून बोरीची वाट बघायलीय. आता परभनीची लायनबी तिकडूनच जाते, त्यामुळं बोरीची वाट बघत होती का मला बघत होती, हे काई आपल्याला कळायचं न्हाई. कावळ्याला इचारावं तर त्याला पुन्हा दहावाच पायजे. आन आता आमच्या घरात दहावा उरलाय तो एकच, माझा.

तर एवढं करा. सिग्नल पडला, उठा, तुमची गाडी आली. ही गाडी पुढं परभनीवरून जाते. बोरीकडचं कुनी भेटलं तर सांगून ठिवा. व्यंकटीच्या पिंडाला कावळा शिवला न्हाई, तर भिऊ नका, लुगड्या-भाकरीचं काई बोलू नका. नुसतं मना, "व्यंकटी, डब्यासकट दोघांला बोरीला नेतो." लगेच शिवंल बगा. पन तेवढं "पुढल्या साली" मनू नका... तिनं ते लय ऐकलंय.