हात लागला

सिस्टर : रडायचं असेल तर त्या कोपऱ्यातल्या बेसिनपाशी रड. इथला ओटा आत्ताच पुसून घेतलाय.

उडी : रडत नाहीये, सिस्टर. साबण गेला डोळ्यात.

सिस्टर : हो का. अठ्ठावीस वर्षं या ऑपरेशनच्या ओटीत काढली मी, इथे सगळ्यांच्या डोळ्यांत साबणच जातो.

उडी : आतलं आटोपलं?

सिस्टर : आटोपलं. पोट मॅडमनी स्वतः शिवलं. पेशंट शुद्धीवर आलाय, पाणी मागतोय. तब्येत छान आहे, तेवढी काळजी सोड.

उडी : ते पोट आज मी शिवणार होते. इथे आल्यापासून पहिल्यांदा मॅडम म्हणाल्या होत्या, की आज शेवट तू कर. आठवडाभर उशीच्या अभ्र्यावर टाके घालत बसले होते मी. अभ्रा पार चाळण झालाय.

सिस्टर : मग उडीबाई, तो चिमटा टेबलावरून घसरला तो पडू द्यायचा ना. माझ्याकडे तसले ढीगभर आहेत. एक पडला तर दुसरा देते, त्यासाठीच तर उभी असते तिथे.

उडी : मला कळलंच नाही हो. काही पडताना दिसलं की हात आधी जातो, डोकं मागून येतं. दहा वर्षं तेच केलंय. बास्केटबॉलमध्ये सुटलेला बॉल हातचा जाऊ द्यायचा नाही.

सिस्टर : बॉलला धूळ लागलेली चालते, बाळा. इथे कमरेखाली गेलेला हात कामातून गेला, निर्जंतुक राहत नाही. पहिल्या दिवशी शिकवतात ते.

उडी : माहितेय.

सिस्टर : माहितेय म्हणे. पण मला एक सांग. मॅडमची नजर पोटात होती. भूलवाले डॉक्टर त्यांच्या पडद्याकडे बघत होते. मी पाठमोरी. चिमटा झेललास, परत ठेवलास, निमिषभराचं काम. तू तोंड उघडलं नसतंस तर कुणाच्या बापाला कळलं नसतं.

उडी : मला कळलं होतं ना.

सिस्टर : हळू बोल. आल्या मॅडम.

मॅडम : तो नळ बंद कर. मघापासून नुसता वाहतोय.

उडी : हो मॅडम. सॉरी, मॅडम.

मॅडम : हे सॉरी नळाला की मला?

उडी : दोघांना.

मॅडम : हं. खिशात काय आहे? सकाळपासून टोक दिसतंय.

उडी : काही नाही, मॅडम. आज राहू दे ते.

मॅडम : दे इकडे. "सदर विद्यार्थिनीस रविवारी दुपारी चार वाजता होणाऱ्या अंतिम सामन्यात खेळण्यास विभागाची हरकत नाही." हरकत नाही हे परस्पर कोणी ठरवलं?

उडी : छापील फॉर्म आहे. विभागप्रमुखांची सही लागते. आज बारापर्यंत कोचकडे गेला नाही तर नाव कापतात.

सिस्टर : साडेअकरा झालेत.

मॅडम : सिस्टर, घड्याळ मलाही दिसतं. पदवी घेऊन झाली, सर्जरीला येऊन दुसरं वर्ष लागलं. अजून तुला कॉलेजच्या टीममध्ये कसं घेतात?

उडी : खेळाडूला ठरावीक वर्षं मिळतात, मॅडम. माझं मधलं एक वर्ष गुडघ्यापायी वाया गेलं. ते राहिलं होतं, ते या वर्षी खेळतेय. रविवारची मॅच म्हणजे शेवटची. नंतर नाहीच.

मॅडम : आपल्याकडे रेसिडेंटना घास गिळायला फुरसत नसते. तू उड्या कधी मारतेस?

उडी : पहाटे साडेपाच ते पावणेसात. मग धावत येऊन सातचा राउंड.

मॅडम : म्हणून सात वाजता घामाघूम असतेस. मला वाटायचं, मला घाबरून.

उडी : तेही असतं थोडं.

मॅडम : आणि अभ्यास?

उडी : बाहेरच्या मॅचला जाताना बसमध्ये. बाकीच्या गाणी म्हणतात, मी मागे बसून मोठ्याने वाचते. नाहीतर डुलकी लागते. आता टीमला माझा अर्धा अभ्यास पाठ झालाय. आमची सेंटरला खेळणारी उंच मुलगी परवा समोरच्या टीमच्या मुलीला म्हणाली, परत ढकललंस तर स्वादुपिंड काढीन तुझं.

सिस्टर : अगं बाई.

उडी : गाठींचा सराव मैदानावरच होतो. उजव्या बाजूच्या बास्केटची जाळी उसवली होती, ती मीच शिवली. तुम्ही शिकवलेल्या गाठीने. कोच म्हणाले, नवीन जाळी आणलीस का.

मॅडम : रविवारी तुझी ड्यूटी आहे.

उडी : माझ्याबरोबरचा रेसिडेंट आहे ना, जाड्या, तो करणार आहे माझी. मी त्याच्या दोन करून टाकल्यात आधीच.

मॅडम : बोटं दाखव. दोन्ही हातांची. ही करंगळी अशी का?

उडी : मागच्या महिन्यात बॉल बसला तिच्यावर.

मॅडम : आणि दुसऱ्या दिवशी ग्लोव्हजच्या आत पट्टी बांधून उभी राहिलीस. कुणाला काही बोलली नाहीस.

उडी : तुम्हाला कळलं होतं?

मॅडम : चार दिवस तू सगळ्या गाठी डाव्या हाताने मारत होतीस. चांगल्या मारत होतीस, म्हणून गप्प बसले. पण उद्या हे करंगळीवरून अंगठ्यावर आलं तर? मी किती जणांना शिकवलं, त्यातल्या किती जणांचे हात असे होते, ते मला विचार. मोजून तीन. त्यातली एक तू. आणि ते हात घेऊन तू पाच-पाच जणींच्या गर्दीत घुसतेस. मला भीती वाटते. सरळ सांगते, भीती वाटते.

उडी : मॅडम, मला वाटलं माझा खेळ तुम्हाला आवडत नाही.

मॅडम : मी कधी बघितलाय तो? दोन दगडांवर पाय ठेवून उभी आहेस तू.

उडी : हो, मॅडम. सगळे तेच म्हणतात. आई म्हणते, वाळलीस. कोच म्हणतात, लक्ष कुठे आहे. खरं सांगू? मैदानावर असते तेव्हा इथलं सगळं डोक्यातून जातं. मग सात वाजता इथे येते ती ताजी होऊन येते. खेळले नसते तर पहिल्याच वर्षी पळून गेले असते मी. पण आज चूक झाली, ती झालीच. तुम्ही सही नाही केली तरी मी समजून घेईन. वाईट वाटेल. खूप वाटेल. पण समजून घेईन.

मॅडम : चिमटा झेललास तेव्हा कोणी बघत होतं?

उडी : नाही.

मॅडम : मग का बोललीस? बोललीस आणि हातातलं पोट घालवलंस.

उडी : तुम्हीच सांगितलं होतं. पहिल्या दिवशी. हात लागला की सांगायचं, कोणी बघितलेलं नसलं तरी. पेशंट झोपलेला असतो, त्याच्या वतीने आपणच बघायचं असतं.

मॅडम : ते मी अठरा वर्षं सांगतेय. सगळे माना डोलावतात.

उडी : आणि सांगतात किती?

मॅडम : तुझ्याआधी एकीने सांगितलं होतं. पार जुनी गोष्ट आहे.

सिस्टर : आणि तेव्हाच्या मोठ्या सरांनी त्या एकीला महिनाभर ओटीत पाऊल टाकू दिलं नव्हतं. या इथेच तिच्या डोळ्यांत साबण गेला होता. हो ना, मॅडम?

मॅडम : सिस्टर, पेन द्या.

सिस्टर : हे घ्या. केव्हाचं टोपण काढून ठेवलंय.

मॅडम : ही सही झेलण्याबद्दल नाही, हे लक्षात ठेव. झेलण्याबद्दल पुढचे पंधरा दिवस हत्यारं मोजायची तू, सिस्टरांच्या हाताखाली. आणि सोमवारी सातला मला दहा बोटं हवीत. दहाही सरळ.

उडी : नऊ सरळ, मॅडम. करंगळी आहे तशी.

मॅडम : पळ. पावणेबारा झाले.

सिस्टर : गेली बघा, वाऱ्यासारखी. मी जाणार आहे हं रविवारी. तुम्ही येता?

मॅडम : मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. आणि रविवारी दुपारी मी झोपते.

(रविवार. कॉलेजच्या मैदानाच्या कडेची बाकं, चौथी ओळ. मॅच संपत आली आहे.)

काका : बाई, जरा सरकून बसा, बोर्ड दिसत नाही. ती सात नंबरची उंच मुलगी बघा, सेंटर. आमची आहे. तुमचं कोण आहे आत?

सिस्टर : ती बुटकी. अकरा नंबर.

काका : उडी? अहो, कॅप्टन ती. डॉक्टर आहे म्हणे. तिच्यापायी आमच्या घरी जेवताना स्वादुपिंडाच्या गप्पा चालतात. आणि या बाई काय करतात?

मॅडम : शिवणकाम.

काका : अरे वा. कपडे शिवता?

मॅडम : नाही. फाटलं, उसवलं, ते दुरुस्त करते.

काका : चांगलं आहे. हल्ली कोण करतं.

सिस्टर : मॅडम, रविवारी तुम्ही झोपता ना?

मॅडम : झोप येईना. सिस्टर, त्या उजवीकडच्या जाळीकडे बघा. खालून दुसरी गाठ.

सिस्टर : काय तिचं?

मॅडम : माझी आहे ती. दोनदा फिरवायची, मग उलटी घ्यायची. तासभर बॉल आपटतोय तिच्यावर, हलली नाही.

काका : तुम्ही गाठी काय बघताय, मॅच बघा. अठ्ठावन्न-सत्तावन्न. आपण एकाने पुढे आहोत आणि बारा सेकंद उरलेत. बॉल त्यांच्याकडे आहे, तेवढाच घोर आहे. अरे, सुटला. सुटला तिच्या हातून. घे, उडी, घे.

सिस्टर : पडली की हो.

मॅडम : कोणत्या हातावर पडली?

काका : हात सोडा, बॉल रेषेबाहेर गेला. आता शेवटचा हात कोणाचा लागला त्यावर आहे. ज्यांचा लागला, त्यांच्या विरुद्ध बाजूला बॉल. पंच काय देतो बघा. आपला. आपल्याला दिला. जिंकलो, बाई. आता नऊ सेकंद नुसता धरून ठेवायचा, खेळ खलास.

सिस्टर : मग ती हात वर करून का उभी आहे?

काका : कोण?

सिस्टर : उडी. पंचाकडे चाललीय. दोन्ही हात वर करून, जशी टेबलाशी उभी राहते तशी.

काका : आता याला काय सांगतेय ही? पाणी हवं असेल.

मॅडम : पाणी नाही. सांगतेय, हात लागला म्हणून.

काका : कोणाचा?

मॅडम : तिचा.

काका : छे. असं कोणी सांगतं का? काहीतरीच तुमचं. अहो, हे काय, पंच हात फिरवतोय. त्यांना दिला बॉल. त्यांना दिला. काय केलं हे पोरीने?

सिस्टर : आता हो?

काका : आता काय, देव पाण्यात घाला. आठ. सात. अडवा तिला. हात वर, हात वर. मारला. रिंगवर नाचतोय. नाचतोय अजून. गेला आत.

सिस्टर : म्हणजे?

काका : म्हणजे हरलो. एकाने. हातातली मॅच घालवली. आयता मिळालेला बॉल परत केला. कोणीसुद्धा बघितलं नव्हतं हो.

सिस्टर : तिने बघितलं होतं. मॅडम, तुम्ही उभ्या का राहिलात?

मॅडम : पाय आखडले.

सिस्टर : आणि टाळ्या?

मॅडम : सोमवारची पहिली केस कोणती?

सिस्टर : पित्ताशय. साडेसातला. मागच्या वेळच्यापेक्षा मोठं पोट आहे.

मॅडम : ते ती शिवेल.

सिस्टर : करंगळी बघायची राहिली की अजून.

मॅडम : इथून दिसतेय. हलवतेय ती. काका, ती तुमचीच ना, जिने तिला उचलून घेतलंय?

काका : हो. आमचीच. कमाल आहे, रडतायत आणि हसतायतही. समोरच्या पोरीसुद्धा येऊन तिचा हात धरतायत. मला तर काही सुधरतच नाही. वाईटही वाटतंय आणि बरंही. पण बाई, एक सांगा, शिकलीसवरलेली पोर ती. भरल्या मैदानात, जिंकत असताना, उठून सांगायचं की माझा हात लागला. हे असलं यांना शिकवतं कोण?

मॅडम : मी.