पाटीवरचा ग्रीक शब्द

पॅथॉलॉजी लॅबच्या बाकावर शिंपीणबाई स्वतःच्या रिपोर्टची वाट बघत होत्या. शेजारी एक म्हातारं जोडपं बसलं होतं. आजींच्या मानेतल्या गाठीचा रिपोर्ट यायचा होता आणि आजोबांच्या तोंडाचा पट्टा सुरू होता.

“अगं, पाटी वाचलीस? पॅथॉलॉजी. त्यातला पॅथॉस हा ग्रीक शब्द. पॅथॉस म्हणजे दुःख.”

“आत्ताच सांगायचं होतं हे?”

“पुरतं ऐक तरी. मुळात नुसतं दुःख नाही. जे जे माणसाच्या वाट्याला येतं, मनाला भिडतं, ते सगळं पॅथॉस.”

“म्हणजे आपला भोग.”

“भोग?”

“अहो, दुःख भोगतो तसं सुखही भोगतोच की आपण.”

“वा! अगदी चपखल. मग मी तुझ्या वाट्याला आलो, तो कुठला?”

“दोन्ही. सकाळी एक, संध्याकाळी दुसरा.”

शिंपीणबाईंनी हसू पदरात दाबलं. तेवढ्यात खिडकीतून हाक आली. आजोबा कागद घेऊन आले आणि नुसतेच उभे राहिले.

“अहो, वाचा ना. आता का गप्प?”

“अक्षरंच दिसेनात गं.”

“बाई, तुम्ही बघता का जरा?”

शिंपीणबाईंनी कागद घेतला. “साधी गाठ आहे, आजी. कर्करोग नाही म्हणून स्पष्ट लिहिलंय.”

“पुन्हा वाचा हो,” आजोबा म्हणाले.

“अहो, त्यांना त्यांचं काम आहे.”

“असू दे, आजी.” शिंपीणबाई उठून उभ्या राहिल्या आणि पहिल्या ओळीपासून वाचू लागल्या, या खेपेला एवढ्या मोठ्यानं की अख्खी खोली ऐकू लागली.